सात फ्रेम आणि एक नोंदणी क्रमांक

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा लिफ्टतपासनीस एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशिनरूममध्ये होता. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला, राहिलेला ब्रेक तपासला, कागदावर सही केली आणि मगच दवाखाना गाठला. आपण तसे का वागलो, हा प्रश्न पाच महिने त्याला पोखरत होता. ताटातलं अर्धं जेवण ताटातच राहायचं.

लेक म्हणाली, "बाबा, समुपदेशकाकडे जा. बोलून तर बघा."

"कोण कुठला, त्याच्यापुढे मन मोकळं करायचं? आधी कागदपत्रं बघीन."

"बघा की. पण तो माणूस आहे, लिफ्ट नाही."

"लिफ्टमध्ये अडकलेला तासाभरात बाहेर निघतो."

लेकीने कोपरापासून हात जोडले.

पहिल्या समुपदेशकाच्या भिंतीवर सात फ्रेम होत्या. आपला गडी खुर्चीत बसलाच नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून एकेक वाचत सुटला. चार फ्रेम दोन-दोन दिवसांच्या शिबिरांच्या, दोन सत्काराच्या, एक भाषणस्पर्धेची.

"पदवी कुठली?"

"अनुभव हीच पदवी, काका!"

"नोंदणी क्रमांक?"

समुपदेशक नुसताच गोड हसला. तपासनीसाने पायात चपला सरकवल्या.

दुसरीकडे एक बाई होत्या. भिंत कोरी. "मूळ प्रमाणपत्र दाखवा, झेरॉक्स नको," तो दारातूनच म्हणाला. बाईंनी खणातून काढून दिलं. त्याने ते उजेडाला धरून शिक्का न्याहाळला आणि त्यांच्यासमोरच नोंदणी कार्यालयाला फोन लावला.

"खुशाल विचारा," बाई म्हणाल्या. "लोक विचारतच नाहीत, याचंच मला नवल वाटतं."

पदवी खरी निघाली, नोंदणी चालू निघाली. पण गडी ऐकतोय कुठला! जोडीदार गमावलेल्यांबरोबर किती वर्षं काम केलंय? अकरा. इथलं बोलणं बाहेर जातं? कुणाच्या जिवाला धोका असला तरच.

"आणि तुमच्यावर कोण?"

"एक वरिष्ठ आहेत. महिन्यातून दोनदा माझं काम त्यांच्यापुढे ठेवते, तुमचं नाव न घेता."

"म्हणजे तुमचीही तपासणी होते!" पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला. तो एकदाचा बसला.

"होते तर. काका, लग्नाआधी सासरकडची एवढी चौकशी केली होती?"

"मी कसली करतोय! तिनेच माझी केली. मला खरंच नोकरी आहे का ते बघायला भावाला घेऊन थेट ऑफिसात आली. माझ्या साहेबालाच विचारलं."

बाई हसल्या. तोही हसला, आणि मधेच थांबला. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"वेळ संपली असेल."

"वीस मिनिटं आहेत अजून."

ती वीस मिनिटं तो प्रमाणपत्रावरचा शिक्काच पुन्हा पुन्हा न्याहाळत राहिला. बाईंनी घाई केली नाही. निघताना त्याने पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. जे सांगायला आला होता, ते फोनवरचं "बरं" मात्र सांगायचं राहिलं होतं.