पाच बोटं कुंकवाची

बोरसिंगीच्या मोहनरावांना आपल्या घराण्याचा इतिहास तोंडपाठ होता. अडचण एवढीच, की दर सांगण्याला तो थोडा वाढायचा. म्हणून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन राधाकिशन यांनी, "गुरुवारी आमची नवी नाव पाण्यात सोडताना तुमच्या नाव-कारखान्याचा इतिहास पानभर वाचून दाखवा, माणसं यायलीत," असं कळवलं, तेव्हा त्यांनी ते काम सुनेवर ढकललं. सून बीडच्या कॉलेजातली बी.एस्सी.

"मी सांगतो, तू लिव. पानभरच, पण दमदार," मोहनराव म्हणाले.

प्रियदर्शनीनं वही घेतली खरी, पण तिचा जीव त्या गुरुवारात अडकला होता. या घरची रीत अशी, की नवी नाव गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू तिच्यात बसवायचं. एकटं. नाव गोदावरीत, लेकरू नावेत, दोर आजोबाच्या हातात आणि बाप शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा. आणि सध्या घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू म्हणजे तिची तेरा महिन्यांची रेवा.

प्रियदर्शनी ही एका द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी बाई. नारायणगडाच्या जत्रेला जाताना तिनं रेवाच्या दंडावर पेनानं फोन नंबर लिहिला होता, आणि तो पुसला तर म्हणून दुसऱ्या दंडावरही. अशा बाईला ही रीत कशी झोपू देणार?

"लिव," मोहनरावांनी बैठक मारली. "माझे आजोबा सटवाजी. निजामाचं राज्य. सुतारकीत सगळ्या जिल्ह्यात एक नंबर."

"मागच्या बारीला तालुक्यात म्हनलतात," चुलीपुढून त्यांची बायको छबुबाई म्हणाल्या.

"तालुका जिल्ह्यातच हाय का न्हाई? तर, धंदा बैलगाड्यांचा. एका सालात नदीला पाणी आलं आन् तहसीलदारसाहेब पलीकडल्या काठाला अडकले. तवा माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायची. साहेब काहिलीत कसे बसणार? त्यांनी निरोप धाडला, सटवा, नाव पायजे. आजोबांनी जन्मात नाव बांधली नव्हती. आठ दिवसांत बांधली."

"अकरा," छबुबाई म्हणाल्या.

"आणि लेकराची रीत?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"ती गाडीपासूनची. नवी गाडी द्यायची तर आधी आपलं लेकरू बसवून गावाला चक्कर मारायची. आपलं लेकरू बसतं म्हनल्यावर गिऱ्हाइकाला आनखी काय सांगायचं? तेच नावेला लावलं."

"पण मामा, गाडी बुडत नाही."

बी.एस्सी.ला हेच शिकवतात का, अशा नजरेनं मोहनरावांनी तिच्याकडं पाहिलं. "आपली नावबी बुडत न्हाई. लाकडाची गेली, पत्र्याची आली. आजवर एक लेकरू भिजलं न्हाई. आता तुझ्या नवऱ्यानंच नाव भिजवली, त्याला कोन काय करनार?"

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. मोहनरावांनी वेल्डिंग शिकून पत्र्याची पहिली नाव केली, तेव्हा अकरा महिन्यांचा रामप्रसाद तिच्यात बसवला होता, आणि त्यानं बसल्या बसल्या नावेत तळं केलं होतं. रामप्रसादनं तेहतिशी ओलांडली तरी त्याचा मित्र तानाजी अजून भर चौकात विचारायचा, "काय बे, आज कोरडा हायस ना?"

मोहनराव आपल्याच विनोदावर हसले. प्रियदर्शनी हसली नाही, कारण तिला करपल्याचा वास आला. तीन वर्षांत तिनं सासूची भाकरी करपलेली पाहिली नव्हती. तिनं वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं : मामी, भाकरी, का?

सोमवारी तिनं मोबाइलवरून मागवलेलं तरंगतं जाकीट आलं. सगळ्यात लहान मापाचं, नारंगी. पाठीवर उचलायला मूठ होती, ती तिला फार आवडली. मग लक्षात आलं, की पोटाखालून दोन पट्टे जातात आणि पुढच्या दोन पायांना भोकं आहेत. डब्यावरच्या चित्रात एक झिपरं कुत्रं हसत पोहत होतं.

रामप्रसादनं डबा फिरवून फिरवून पाहिला. "चांगलं हाय. पन आपल्याकडं कुत्रं कुठंय?"

"परत पाठवते."

"गुरुवारच्या आत?" त्यानं मूठ धरून जाकीट झोक्यासारखं हलवलं. रेवा टाळ्या वाजवायला लागली. "बघ, तिला पसंत हाय."

"अहो, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"मी शेजारी उभा ऱ्हानार की. आन् नाव मी जोडलीय."

"म्हणूनच विचारलं," प्रियदर्शनी म्हणाली.

निदान डायपर तरी जाड घालू, असं तिनं ठरवलं, तर छबुबाईंनी तेही मोडून काढलं. "डायपर न्हाई. लेकरू सुती झबल्यावर बसवायचं. त्या डायपरात पानी मुरलं तर नाव गळती का न्हाई, कळायचं कसं?"

सासूचं हे बोलणं प्रियदर्शनीच्या डोक्यात रुतून बसलं. नाव गळतच नाही, तर कळायचं काय असतं?

मंगळवारी ती वही घेऊन दगडाबाईंकडं गेली. दगडाबाई मोहनरावांच्या चुलत्याची बायको, सटवाजींची धाकटी सून. पंच्याऐंशी वर्षांच्या, दोन घरं सोडून राहायच्या. टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत त्यांनी तिला बोटानं गप्प बसवलं, मग आवाज बंद केला.

"मोहननं काय सांगितलं? आठ दिवस?"

"मामी म्हणतात अकरा."

"दीड महिना. आन् साहेब तवर काहिलीत बसूनच गेलते." दगडाबाईंनी तोंडात सुपारी टाकली. "माझा सासरा गाडीचा कारागीर. त्यानं नावेला कडंनं लोखंडाची धाव चढवली, चाकाला चढवत्यात तशी. मजबूत व्हावी म्हनून. नाव कशी दिसती, हे त्याला कुनी सांगितलंच नव्हतं. तरी म्हनायचं नशीब, आसाला भोक न्हाई ठिवलं."

"मग ती तरंगली कशी?"

"माझ्या सासूमुळं. जानकीबाईमुळं. नवरा म्हनला, लेकरू बसवायचं. ती म्हनली, बसवा की. आन् दुपारी गडी जेवून आडवे झाल्यावर तिनं नाव ठोकळ्यावर असतानाच आतून पान्यानं भरली. घागरीवर घागर. पानी आतून बाहीर येतं, तिथूनच बाहेरचं आत यायचं ना? खाली वाकून बघितलं. पाच जागी टिपकत व्हतं. नवऱ्याला कसं सांगावं, तुमची नाव गळती? तालुक्यात एक नंबर मानूस. तिनं काय केलं, त्या पाच जागी कुंकवाचं बोट लावलं. म्हनली, नावेची पूजा केली. त्यो शाना गडी. त्यानं बघितलं, गप काथ्या घातला, डांबर लावलं. नवराबायकू दोघंबी कायबी बोलले न्हाईत."

प्रियदर्शनीची पेन्सिल थांबली. दर नव्या नावेला छबुबाई पाच बोटं कुंकू लावतात, आणि त्यावर मोहनराव डांबराचा एकेक ठिपका देतात, हे तिनं स्वतः दोनदा पाहिलं होतं. पत्र्याच्या नावेला डांबर कशाला, असं तिनं विचारल्यावर मोहनराव म्हणाले होते, रीत हाय.

"म्हणजे मामी पाणी ओततच नाहीत? त्याच पाच जागी नुसतं कुंकू लावतात?"

"तिला कोन सांगनार? मोहनची आई छबु यायच्या आधीच गेली. मला ठावं व्हतं, पन तवा आमची बोलचाल बंद व्हती." त्यांनी टीव्हीचा आवाज परत वाढवला. "बांधाच्या लिंबाच्या झाडावरनं. इतिहासात लिव ते."

घरी येऊन प्रियदर्शनीनं सासूला सगळं सांगितलं. छबुबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"मामी, त्या दिवशी भाकरी का करपली?"

"तुझं लक्ष असतंय तरी कुठं कुठं गं," छबुबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "राम नव्हता मुतला. नाव गळत व्हती. लेकराच्या बुडाखाली गार पानी. मी उचलला तवा कळलं. ह्यांची पत्र्याची पहिली नाव, सगळं गाव काठाला, आन् हे मिशीला पीळ देऊन उभे. काय बोलू? म्हनलं, पोरानं केलं. मागून गुपचूप यांना दाखवली ती जागा. त्यांनी जोडून घेतली. आन् पुढच्या महिन्यापासून पोराची गोष्ट आपल्याच तोंडानं गावभर सांगायला लागले."

"आणि तुम्ही सांगू दिली? तेहतीस वर्षं?"

"नवऱ्याची नाव मोठी का पोराचा लंगोट मोठा?" छबुबाईंनी पदरानं तोंड पुसलं, की हसू झाकलं, ते कळलं नाही. "उद्या हे दोघं बॅनर आनायला गेवराईला जानार हायेत. जेवून."

बुधवारी मोटारसायकल वळणाआड गेली आणि दोघी सासवासुना शेडमध्ये शिरल्या. निळा रंग दिलेली नाव ठोकळ्यांवर आडवी होती. जानकीबाईला घागरी वाहाव्या लागल्या. या दोघींनी बोअरचा पाइप सोडला. रेवाला पाटीत बसवून पाटी शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती, आणि तरी प्रियदर्शनी दर मिनिटाला मागं वळून पाहत होती.

कुंकवाच्या नेहमीच्या पाच जागा ठणठणीत कोरड्या होत्या. छबुबाईंचा चेहरा खुलला. मग प्रियदर्शनी मोबाइलचा टॉर्च लावून नावेखाली आडवी झाली, कॉलेजातली परीक्षानळी पाहावी तशी एकेक जोड पाहत सरकली, आणि मागच्या कोपऱ्यात थांबली. एक थेंब फुगला, लोंबला, तिच्या कपाळावर पडला. चार बोटं अंतरावर दुसरा.

"मामी, दोन आहेत."

"थांब, कुंकू कालवून देते."

"खडूनं खूण करू का? कुंकू ओघळेल."

"कुंकूच. रीत हाय," छबुबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्या शब्दाला अर्थ होता.

पाणी उपसून, नाव फडक्यानं पुसून, दोघींनी चहा ठेवला तोवर गडी परत आले. मोहनराव डांबराचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. प्रियदर्शनी रेवाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली. नाव गळते म्हणून सुनेनं सांगितलं, असं झालं तर काय होईल, ते तिला ठाऊक नव्हतं. आणि नाही सांगितलं तर काय होईल, ते मात्र नीट ठाऊक होतं.

मोहनरावांनी ठिपके दिले. एक, दोन, पाच. मग मागं गेले आणि थांबले.

"छबु, पाच असत्यात. ही सात कशी?"

छबुबाई चहा गाळत राहिल्या.

मोहनरावांनी कुंकवाच्या एका बोटावर अंगठा फिरवला. खालची ओली माती पाहिली. ओला पाइप पाहिला. सुनेच्या पाठीला लागलेला चिखल पाहिला. मिशीकडं गेलेला हात तिथंच राहिला.

"राम, वेल्डिंगचं मशिन काढ," ते म्हणाले.

"कावून?"

"सुनेनं पूजा केलीय. दोन बोटं जास्तीची."

रामप्रसादनं बायकोकडं पाहिलं, वाकून त्या दोन बोटांकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं केबल सोडवायला लागला.

गुरुवारी काठावर शे-सव्वाशे माणसं जमली. राधाकिशन कडक कपड्यांत आले होते. दगडाबाईंसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. प्रियदर्शनीनं इतिहासाचं पान वाचलं. त्यात सटवाजी होते, आणि जानकीबाई नावाच्या बाईनं नावेची पहिली पूजा केली, अशी एक ओळ होती. त्या ओळीला दगडाबाईंनी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

मग नाव पाण्यात गेली. सुती झबलं, कुंची आणि त्यावर कुत्र्याचं नारंगी जाकीट घातलेली रेवा मधोमध बसवली गेली. रामप्रसाद कमरेएवढ्या पाण्यात. मोहनरावांनी दोन्ही हात फाकून मोजत दोर सैल सोडला. एक वाव. दोन वाव. प्रियदर्शनीनं मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि सत्तावीसवर ती चुकली, कारण रेवानं खाली पाहिलं आणि हातांनी चपक-चपक करायला लागली.

नावेत पाणी होतं.

रामप्रसाद नावेकडं झेपावला. मोहनरावांनी दोर ओढला, तो एवढ्या जोरात, की नाव काठावर आपटली. माणसं पुढं सरकली. आणि मोहनरावांनी आधी नावेकडं पाहिलं नाही, लेकराकडंही नाही. त्यांनी छबुबाईंकडं पाहिलं. तेहतीस वर्षांपूर्वीही बहुधा असंच पाहिलं असावं.

छबुबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी प्रियदर्शनी साडीसकट पाण्यात उतरली होती. एका हातानं तिनं मूठ धरून रेवाला उचललं आणि दुसऱ्या हाताची बोटं नावेच्या तळाला टेकवली.

अख्ख्या आयुष्यात तिला कशाचा एवढा आनंद झाला नव्हता.

"कोमट आहे, मामा," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग रामप्रसादनंही हात घालून पाहिला आणि तो असा हसायला लागला, की त्याला नावेचा काठ धरावा लागला. तानाजी गर्दीतून म्हणाला, "बापावर गेली बे."

"न्हाई," छबुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हिचं हिनंच केलंय. बापानं केलं नव्हतं."

मोहनराव दोराची गुंडाळी करत होते. ती फार वेळ चालली. शेवटी ते खाकरले.

"पहिलीच पत्र्याची नाव व्हती," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "एक जोड ऱ्हायला व्हता." मग सुनेकडं वळून, हळू आवाजात, "हे लिवायचं न्हाई."

"पान वाचून झालंय, मामा."

"हां. मग बरं झालं."

नाव पुसून राधाकिशनच्या ताब्यात दिली. त्यांनी हार घालून घेतला, फोटो काढून घेतला आणि जाता जाता प्रियदर्शनीला बाजूला बोलावलं. ती धास्तावली. नावेबद्दल काही असणार.

"ताई," ते म्हणाले, "ते मुठीचं जाकीट कुठं भेटलं? आमच्या नातवाला पायजे व्हतं."