उत्तमसिंगचं पेडल ठरेना

हिंगोलीहून सेनगावकडं निघालं की नाक्यावर अन्सारचं सायकलीचं दुकान लागायचं. दर आठ-पंधरा दिवसांनी उत्तमसिंग राठोड आपली गियरची सायकल तिथं आणायचा आणि पेडल बदलून न्यायचा. आज हे, पुढच्या खेपेला ते. अन्सार पाना हातात घेऊन कपाळाला हात लावायचा.

"ड्रायवरसाब, अहो पोरीसाठी नवरदेव पाहताना तुमी इतके आढेवेढे घेतले नसतील. एक पसंत करून टाका ना!"

"जल्मभर एसटीत तीन पेडलं दाबली," उत्तमसिंग म्हणायचा. "क्लच, ब्रेक, रेस. तुला कोणतं आवडतं म्हणून कोणी इचारलं न्हाई. आता इचारून राहिले, तर पाहू दे की निवांत."

एसटीतून रिटायर होऊन त्याला काही वर्षं झाली होती. बायको भिकाबाई त्याच्याही आधी गेली. एकुलती एक पोरगी संगिता पुण्यात, आणि जावई दिपक तिथंच कॉम्प्युटरच्या कंपनीत. राहिला हा, दोन खोल्यांत एकटा. गाडीभर माणसं पाठीशी घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस, आता घरात भांडं पडलं तरी "काय पडलं?" म्हणून विचारायला कोणी नव्हतं. दुपारी तर त्याला अगदी खायला उठायचं ते घर.

रविवारी पुण्याहून फोन यायचा, तेवढाच काय तो आधार. पण त्या फोनातही काही दम नव्हता. संगिता विचारायची, "बाबा, गोळी घेतली का? गॅस बंद केला का?" नाक्यावरचा पोलीस कागदपत्रं तपासतो ना, तसलं विचारणं. मग दिपक यायचा. "नमस्कार मामा. तब्येत बरी? हं. देतो संगिताला." संपला विषय. जावई गुणाचा होता हो, पण बोलायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची.

मग एके वर्षी दिपकनं स्वतःला नवी सायकल घेतली आणि जुनी सासऱ्याला ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवून दिली. सोबत पेडलांच्या दोन जोड्या आणि बुटांचा एक जोड. आणि काय नवल, त्या रविवारी फोन संगिताच्या आधी दिपकनंच धरला!

"मामा, एक जोडी साधी आहे. दुसरी क्लिपची. बुटाच्या तळव्याला छोटी लोखंडी पट्टी आहे बघा, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलवर दाबली की बूट खट्कन अडकतो. टाच बाहेरच्या अंगाला फिरवली की सुटतो. पाय वर येतानाही जोर लागतो, मजा येते. रेसवाले मोठी क्लीट लावतात, पण ती लावून चार पावलं चालता येत नाही. आपल्याला हौसेनं फिरायचंय, म्हणून ही छोटी. पेडलचा स्क्रू आधी सैल ठेवा, म्हणजे बूट लवकर सुटेल. दोन्ही चालवून बघा आणि मग ठरवा."

उत्तमसिंगला त्यातलं अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण जावई बोलत होता! कान गरम होईस्तोवर बोलत होता. फोन ठेवल्यावर उत्तमसिंग अंगणात येऊन उगाच सायकलीभोवती फिरला. भिकाबाई असती तर तिला म्हणाला असता, अगं, आपल्या जावयाला जीभ हाय.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. क्लिपची पेडलं लावून गडी सेनगाव रोडला निघाला. बांधावरून व्यंकटरावांनी आवाज दिला, "राम राम, ड्रायवर!" जुना पॅसेंजर, वडीलधारा माणूस. आता असं कोणी हाक मारल्यावर सायकलीवरून न उतरता पुढं जाणं म्हणजे शोभतं का? उत्तमसिंगनं ब्रेक दाबला, राम राम करायला हात वर केला, आणि पाय काही सुटेना. सायकलीसकट आडवा झाला की धप्पकन! व्यंकटराव धोतर सावरत धावले.

"अरे, काहून पाय बांधून घेतले रे बाबा? काय शिक्षा झाली का तुला?"

रविवारी त्यानं हे सांगितलं तेव्हा दिपक खो खो हसला. जावयाचं हसणं उत्तमसिंगनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. पडल्याचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं.

पुढं मात्र त्याचा पाय बसला. ड्रायवरचाच पाय तो, त्याला काय शिकवावं लागतं? हाक ऐकू येताच टाच आपोआप फिरायची. महिन्याभरात त्याचं ठरूनही गेलं. क्लिपचंच, छोट्या क्लीटचं. एकदम बराबर. रविवारी दिपकनं विचारलं, "मग मामा, ठरलं?"

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मनात आलं: ठरलं म्हटलं की पुढच्या रविवारी काय? नमस्कार मामा, तब्येत बरी, देतो संगिताला. एवढंच ना?

"न्हाई ओ, जावईबापू," तो म्हणाला. "गुडघ्याला जरा तकलीफ देऊन राहिलं."

झालं. तिथून गाडी घसरली. कधी गुडघा, कधी टाच, कधी काळी माती बुटाच्या क्लीटमध्ये घट्ट बसते म्हणून तक्रार. मातीचं तेवढं खरं होतं, पण काडीनं उकरली की निघायची. दिपक विचार करायचा, वाचायचा, समजावून सांगायचा. क्लीट जरा मागं सरकवा. स्क्रू अजून सैल करा. त्यानं तिसरी जोडीसुद्धा पाठवली, एका अंगानं साधी, एका अंगानं क्लिपची. उत्तमसिंग प्रत्येक जोडी इमानदारीनं लावून यायचा, म्हणजे निदान खोटं बोलताना त्यात थोडं खरं असावं. सोमवारपासूनच तो येत्या रविवारचं दुखणं शोधायला लागायचा. आखाडा बाळापूरपर्यंत एकट्यानं रपेट मारताना वाटेत सगळं बोलणं पाठ करायचा.

आणि एका रविवारी फोनवर दिपक आलाच नाही. संगिता आली, आणि आवाज आईचा लावून आली.

"बाबा, बस झालं आता. दुखऱ्या गुडघ्यांनी सायकल चालवायची गरज नाही. दिपक फार काळजीत आहेत, रात्री झोपत नाहीत, मीच हे मामांच्या मागं लावून दिलं म्हणतात. मी अन्सारचाचांना फोन केलाय. उद्या ते सायकल घेऊन जातील."

घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. सायकल गेली म्हणजे रस्ता गेला, बांधावरच्या हाका गेल्या. आणि ती ठेवायची, तर खरं सांगावं लागणार होतं.

"संगे," तो म्हणाला, "माझा गुडघा दुखत न्हाई."

"बाबा, माझ्यापासून लपवू नका."

"लपवलं तेच सांगून राहिलो ना. कधीच दुखला न्हाई. पेडल मह्यं पहिल्याच महिन्यात ठरलं होतं. पण ठरलं म्हणलं असतं, तर जावईबापू पुन्हा मह्याशी कशाला बोलले असते?" त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "एकटं वाटतं गं मला. लई एकटं वाटतं. पेडलाच्या निमित्तानं कोणी अर्धा घंटा बोलायचं. म्हणून ठरू देत नव्हतो."

तिकडं फोन या हातातून त्या हातात गेल्याचं त्याला कळलं. आता दिपक काय म्हणेल? खोटारडा म्हातारा म्हणेल. म्हणू दे, चूक आपलीच हाय.

"मामा," दिपक म्हणाला. पेडल सोडून दुसरं काय बोलावं, ते त्याला सुचत नव्हतं. फोन मात्र त्यानं संगिताकडं दिला नाही. मग म्हणाला, "जेवलात का?"

"न्हाई. भाकर टाकायची हाय अजून."

"मग टाका."

"बरं. ठेवतो मग."

"ठेवू नका, मामा. स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवा. मी आहे लाइनवर."

उत्तमसिंगनं फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. परात घेतली, पीठ मळलं आणि भाकर थापायला लागला. मध्येच हात थांबवून त्यानं विचारलं, "हायेत ना लाइनवर?"

"आहे," फोन म्हणाला.