ज्वारीच्या आधीचा गहू

माझी चक्की सुरतेत, उधन्यात आहे आणि तीस वर्षांत माझ्या पिठाला कोणी नाव ठेवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. मी हिलाल, मूळचा धुळ्याकडचा. आमच्या गल्लीत निम्मी बिऱ्हाडं खानदेशची, कापडाच्या लूमवर राबणारी. ज्वारी-बाजरी दळायला ती सगळी माझ्याकडेच येतात. शेजारच्या गुजराती चक्कीवाल्याला भाकरीचं पीठ कळत नाही. रव्यासारखं काढतो आणि वर तोंड करून म्हणतो, सरस छे.

गायत्री माझ्या ओट्यावर पहिल्यांदा रडली ती गहू घेऊन आली तेव्हा. तिचा नवरा दगा लूमवर रातपाळी करतो. पदरी एकच पोर, चैताली. वय आठ, पण दिसायची पाच वर्षांची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, आणि दिवसातून सहा वेळा संडास. दोन वर्षं जंताची औषधं झाली, मग टीबीची शंका झाली. कोणी म्हणालं सुरतचं पाणी बाधलं, कोणी म्हणालं दृष्ट लागली. शेवटी एका शेजारणीने मोबाइलवर काही पाहून सांगितलं, गहू बंद करून बघ. गायत्रीने केला, पोरीला नुसता भातच दिला. दोन महिन्यांत पोरीचं पोट बसलं, आणि तेव्हा कुठे नवरा-बायकोने तिचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट साफ आला. दगा म्हणाला, बघ, पोरीला काही झालेलं नाही, तुझीच नाटकं आहेत.

पण ही बाई चिवट. ती पोरीला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "गहू पोटात नसताना तपासलंत तर रक्तात काय दिसणार? सहा आठवडे रोज दोन पोळ्या खाऊ घाला, मग या. आजार असेल तर तो दिसायला हवा."

म्हणून ती गव्हाचा डबा घेऊन माझ्यापुढे उभी होती.

"नाना, हाई दळी द्या. मनी पोरले आजारी पाडनं शे."

रांगेतल्या बाया हसल्या. गव्हाने कोणी आजारी पडतं का? गहू म्हणजे सणाचं अन्न, आमच्याकडे पाहुणा आला की पोळी होते. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात, तसंच ते. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

ते सहा आठवडे तिने कसे काढले ते मला माझ्या बायकोकडून कळायचं. चैतालीला पोळी फार आवडायची. आईच्या हातची पोळी ती मिटक्या मारत खायची, तासाभराने सगळं ओकायची, तोंड धुऊन शाळेतल्या गुजरातीत म्हणायची, "मम्मी, हजी एक आप ने." अजून एक दे. आणि गायत्री द्यायची. पाचव्या आठवड्यात पोरीला जिना चढवेना, तरी तिने पोळी थांबवली नाही. मग रक्त तपासलं. घशातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला, तोही तपासला. आजाराला नाव मिळालं, सिलियाक. औषध काही नाही. गहू, जव, रवा, मैदा जन्मभर बंद. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कणभरसुद्धा नाही.

त्यानंतर गायत्री ज्वारी घेऊन आली. रांगेतल्या बाया जाईपर्यंत कोपऱ्यात थांबली, मग म्हणाली, "नाना, नवरातमा तुम्ही राजगिरा दळतस ना, तवय चक्की उघाडतस, दगड झाडतस. मनी पोरनं पीठ तसंच दळा."

बरोबर होतं तिचं. नवरात्रात आणि श्रावणात मी उपासाचं दळण घेतो तेव्हा आधी चक्की उघडतो. दोन्ही दगड ब्रशने झाडतो, पीठ पडतं ती कापडी पिशवी बदलतो. कारण चक्की बंद केली तरी दगडांमध्ये पावशेरभर पीठ अडकून राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. धान्याचा कण आला तर उपास मोडतो. मी म्हणालो, "पोरी, काळजी करू नकोस. सकाळी चक्की झाडून पहिलं दळण तुझंच." ती माझ्या पाया पडली.

पहिला महिना मी शब्द पाळला. मग एकदा पट्टा तुटला आणि उशीर झाला. एकदा लग्नघरचं दळण आलं. चक्की उघडायची म्हणजे अर्धा तास मोडतो, आणि रांगेतल्या बाया तोंडाने आग लावतात. मनात म्हटलं, अरे, चिमूटभर गव्हाने कोण मरतं? पीठ ते पीठ. उपासाचं दळण बिघडलं तर म्हातारे भांडायला येतात, वर देवाची भीती. आठ वर्षांच्या पोरीच्या आतड्याची भीती मला का वाटावी? मग मी तिची ज्वारी तिसऱ्या नंबरला टाकू लागलो, चौथ्या नंबरला टाकू लागलो, गव्हावर सरळ ज्वारी. डबा देताना मात्र न चुकता सांगायचो, "पहिलं तुझंच काढलं."

आणि ती बिचारी घरात काय काय करत होती! पोरीचा तवा वेगळा, काठवट वेगळी, भाजीचा चमचासुद्धा वेगळा. बाजारच्या हिंगात मैदा असतो असं कळलं, तर घरातला हिंगच बंद केला. शाळेत बाईंना भेटून आली, वाढदिवसाचा केक देऊ नका, प्रसादाचा शिरा देऊ नका. सत्यनारायणाला दगाच्या बहिणीने पोरीला प्रसाद दिला तेव्हा हिने तिच्या तोंडात बोट घालून तो काढला. भावकीत त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं.

आठ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आजाराचा आकडा जवळजवळ तिथेच. वजन पाव किलोनेही वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगा गायत्रीला घेऊन माझ्या चक्कीवर आला. पाळी करून आलेला, डोळे तांबारलेले.

"नाना, डॉक्टरीण म्हनस, कोठून तरी गहू जास. तुम्हीच सांगा, दगड साफ ऱ्हास ना?"

चार गिऱ्हाइकं उभी होती. आता नाही म्हणालो तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, हिलालने पोरीला गहू चारला. तीस वर्षांचं नाव जाणार. हे सगळं मनात यायला क्षणही लागला नाही. मी समोरच्या पिठात हात घातला, मूठ भरून वर उचलली आणि म्हणालो, "या अन्नाची आण. तुझ्या पोरीच्या पिठात गव्हाचा कण नाही."

दगा बायकोकडे वळला. "आते सांग. तूच काही चारतस, नही तर तो आजारच खोटा शे." आणि त्याने तिथेच, माझ्या ओट्यावर, तिच्या कानाखाली वाजवली. ती पडली नाही, भिंतीला धरून उभी राहिली. मी चक्कीचा पट्टा नीट करायला वाकलो. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. डब्यात गहू. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

"दळी द्या नाना. आते ती चपातीच खाई. भाकरीनं काय व्हयनं? हे म्हनतस, दवाखाना बंद. निदान पोटभर तरी खाई."

मी डबा घेतला, चक्कीच्या तोंडाशी वर नेला, आणि तो उलटा करवेना. लाज वाटली असं म्हणून सुटता येणार नाही. भीती वाटली. ही पोर मेली तर मला ठाऊक असणार ती कशाने मेली, आणि दुसऱ्या कोणाला कळणारसुद्धा नाही, याची भीती.

"गायत्री," मी म्हणालो, "गहू नेऊ नको. तुझी ज्वारी मी गव्हावर दळत होतो."

तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला.

"कितला दिवस?"

"पहिला महिना सोडला तर सगळे."

ती पोत्यावर बसली. मला वाटलं ओरडेल, मारेल, आणि मला ते हवंच होतं. पण ती एवढंच म्हणाली, "चला. हाई त्यास्ले सांगा."

रांग तशीच सोडून, भर दुपारी, मी चक्की बंद केली.

दगा नुकताच उठून जेवायला बसला होता. चैताली त्याच्या मांडीला टेकून बसलेली. ताटात तूप लावलेल्या पोळ्या होत्या, त्याच्या बहिणीने पाठवलेल्या. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. चक्की, दगड, कोणत्या दिवशी किती वाजता, काही लपवलं नाही. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे मी येतो. त्यांच्यापुढे सांगतो. आजपासून ज्वारी निवडून घरच्या जात्यावर दळा, चार-सहा महिने द्या आणि पुन्हा तपासा. बायकोचा काही दोष नाही, दगा."

त्याने शांतपणे ऐकलं. घास गिळला, पाणी प्यायला.

"नाना, त्या दिवशी चार मान्सेंमा अन्ननी आन घेतली. ती खोटी, का आजनी?"

"ती खोटी."

"अन्नावर हात ठेई खोटं बोलनारा मानूस आज खरं बोलस, हाई कसं मानू?" तो हसला, तेही न चिडता. "हिनं रडी दाखाडं, आन तुम्ही भुलनात. जा घर."

मी पुन्हा शपथ घ्यायला तोंड उघडलं. कशाची घेऊ ते सुचेना.

दगाने पोळीत गूळ घातला, गुंडाळी केली आणि चैतालीच्या हातात दिली. गायत्री पुढे झाली, तसं त्याने बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं. चैतालीने आमच्या तिघांकडे एकदा पाहिलं, आणि कोणीतरी हिसकावून घेईल म्हणून घाईघाईने, न चावताच, ती पोळी गिळायला लागली.