लांब धाग्याची शिवी

नेरच्या बस स्टँडमागं जमीरचं गॅरेज आहे. शनिवारी संध्याकाळी तिथं गाड्या दुरुस्त होत नाहीत. शिव्यांची प्रतवारी होते.

कशी?

कापसाच्या बाजारात होते तशी. गाडी आली की ग्रेडर मूठभर कापूस उपसतो, धागा ओढतो, ओल बघतो, कचरा बघतो, आणि सगळ्यांदेखत सांगतो, लांब धागा, मध्यम धागा, नाहीतर फरदड. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर उरलेल्या झाडांचा हलका माल. जमीरनं हीच तऱ्हा शिव्यांना लावली होती. माल आणणारे तिघं. त्याची भाची अलफिया, बोरखडीच्या उपकेंद्रातली नर्स. धम्मरत्न, वायरमन. आणि पंचफुला, रोजगार हमीची हजेरी घेणारी. तिघंही सरकारी कामाचे, तिघंही कंत्राटी. लोकांना वाटे ह्यांना फुकटचा पगार आहे, आणि ह्यांना वाटे पुढच्या महिन्यात आपण असू का. अशा माणसांनी आठवडाभर खाल्लेल्या शिव्या ठेवाव्यात कुठं? जमीरच्या गॅरेजात, ऑइलच्या डब्यांशेजारी. ज्याचा माल सरस त्याला मिरची भज्यांची पहिली प्लेट.

माल

धम्मरत्न : काल खांबावर चढलो, तर खालून एक जण म्हणते, जिथं चढशीन तिथंच तुह्या डोक्यात कावळे घरटं बांधो!

जमीर (डोळे मिटून, चिमटीत न दिसणारा धागा ओढत) : मध्यम. ओल जास्त.

पंचफुला : मले म्हणे, सारं खाऊन बसली.

जमीर : फरदड! वापस ने.

पंचफुला : अहो जमीरभाऊ, बोंबलून बोंबलून म्हणलं त्यानं!

जमीर : आवाजाले भाव नसते, बाई. अलफिया, बेटा, तुहा माल काढ.

अलफियानं माल काढला नाही.

भजी निवायला लागली

"मामू, मी नोकरी सोडून राह्यली," ती म्हणाली.

धम्मरत्नच्या तोंडातली मिरची तशीच राहिली.

सोमवारी बोरखडीत ग्रामसभा होती. विषय एकच, ह्या नर्सला काढा. बीपीच्या गोळ्या महिनोन् महिने आल्या नव्हत्या, आणि गावाला समोर दिसत होती ती एकटी अलफिया. तिचं कंत्राट ह्याच महिन्यात संपत होतं. गावाचा ठराव विरोधात गेला तर मुदतवाढ विसरा, असं ऑफिसात तिला तोंडावर सांगितलं होतं.

"हाकलून देण्याआधी आपणच निघालेलं बरं," ती म्हणाली. "मथुराआजीच्या नातवाले पहिली लस म्या देल्ली. आता मले पाहून आजी रस्त्यात थुकते, मामू."

तिला ते काम आवडत होतं, हीच पंचाईत होती. लसीच्या दिवशी सगळं उपकेंद्र एकदम रडायला लागे, आणि त्या गोंगाटात ही बाई गाणं गुणगुणत असे.

जमीरनं हात पुसले. "सोमवारी गॅरेज बंद. आपण सारे जाऊ."

"जाऊन करायचं काय?"

"काही नाही. नुसतं बसायचं तुह्या मागं. कोणी एक अक्षर बोलायचं नाही. समजलं का रे, धम्म्या?"

"मलेच काहून सांगता? मी कधी बोलतो काय?" धम्मरत्न म्हणाला.

बोरखडी

समाजमंदिरात माणसं दाटीवाटीनं बसली होती. सरपंच संजयनं विषय वाचला आणि मथुराबाई उठली. पदर खोचला. अलफियानं मागं वळून पाहिलं. पाठीमागं तिघं बसलेत एवढाच आधार.

"काय व, नर्सबाई! आम्ही चकरा येऊन पडाव अन् तू रिकामी पिशवी हालवत याव? तुह्या सासरच्या म्हशीनं जन्मभर चहापुरतंच दूध द्याव, अन् ते बी पाहुणे गेल्यावर!"

"लांब धागा!" धम्मरत्न ओरडला.

आणि जमीर, गप्प बसायचा हुकूम देणारा खुद्द जमीर, सवयीनं ताडकन उठून म्हणाला, "ओल नाही, कचरा नाही! एक नंबर!"

सगळ्या माना मागं वळल्या.

अलफियानं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. आता ठरावसुद्धा नको. असंच चालत नेरपर्यंत जावं.

"कोण व्हय रे हे?" सरपंच म्हणाला. "काय बोलून राह्यले?"

सांगावंच लागलं. जमीर घाम पुसत सांगत गेला. गॅरेज, शनिवार, भजी, प्रत. सगळं गाव कापूस पिकवणारं. ग्रेडरसमोर श्वास धरून उभं राहणं काय असतं, ते इथं कोणाला शिकवायला नको. मागच्या बाजूनं एक हसू फुटलं. मग दुसरं.

म्हातारा उकंडा पुढं सरकला. "मंग परवा म्या हिले आळशी म्हणलं, ते कशात बसते?"

जमीर बोलायच्या आत अलफियाच्याच तोंडून निघालं, "फरदड."

सभा खदखदून हसली. उकंडाचा चेहरा पडला. "माहा माल फरदड? थांब व पोरी, दुसरी देतो!"

"मले द्या, मले!" धम्मरत्न पुढं झाला. "तिले एकटीलेच काहून?"

मग जे झालं त्याला ग्रामसभा म्हणायचं की बाजार, देव जाणे. जो तो हात वर करून आपली शिवी सांगत होता आणि जमीर धागा ओढत होता. मध्यम! मध्यम! ह्यात सरकी जास्त! वापस ने, भाऊ! एकाची शिवी त्याच्या बायकोनंच नापास केली.

गलका ओसरल्यावर जमीर मथुराबाईकडं वळला. "माय, तुहा माल एक नंबर, त्यात वाद नाही. पण माल ज्याले द्यायचा, पट्टी म्हंजे पावती त्याच्याच नावानं फाडा लागते. ही शिवी कोणाच्या नावाची?"

"गोळ्या जो अडवते त्याच्या."

"मंग हिच्या नावावर काहून उतरवली?"

मथुराबाई अलफियाकडं वळली. अलफिया उभी राहिली.

"आजी, गोळ्या वरूनच येत नाही. म्या कितीदा मागितल्या. पिशवी रिकामी असली तरी मी येतो, बीपी पाहतो, जास्त निघालं त्याले दवाखान्यात धाडतो. घरी बसवत नाही मले."

"मंग हे सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बोलू देल्लं कवा?"

पुन्हा हशा. ह्या वेळी मथुराबाईसुद्धा हसली, आणि हसता हसता खांबाला धरून मट्कन खाली बसली. तोंड लालबुंद. अलफिया माणसांतून वाट काढत धावली, पिशवीतून यंत्र काढलं, आजीच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"बोलायचं नाही. हालायचं नाही."

"आता शिव्या बी नाही काय?"

"यंत्र थांबल्यावर."

सरपंचानं ठरावच उलटा करून मांडला. गोळ्या ताबडतोब पाठवा, आणि हीच नर्स इथं ठेवा. त्या ठरावानं मुदतवाढ मिळेलच, असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नव्हतं. पण ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा म्हटल्यावर समाजमंदिरात हातांचं पीक आलं. उकंडानं दोन्ही केले.

पट्टा घरघरत फुगत होता. मथुराबाई चुळबुळली.

"आजी, हालू नका म्हणलं ना! आकडा चुकते."

"चुकू दे," मथुराबाई म्हणाली आणि मोकळा हात तिनं जेवढा जाईल तेवढा वर नेला.

यंत्रानं चूक दाखवली. अलफियानं हसत पट्टा सोडला, आणि पुन्हा बांधायला घेतला.