उजवाच पडणारा कौल

वडवणीच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा बदकाला जास्त गिऱ्हाईक होतं. बदक कॉम्प्युटरमधलं, गहिनीनाथच्या नेटच्या दुकानात उडणारं. गावात नेट नुकतंच आलेलं. दुकानापुढं चपलांचा ढीग पडला होता, कारण गहिनीनाथनं माऊसला भस्म फासून सांगितलं होतं की ह्यात देव उतरलाय. मनात प्रश्न धरायचा, बदकावर नेम धरून बटण दाबायचं. बदक पडलं की कौल उजवा, म्हणजे देवाचा होकार.

"हात थरथरला तर चालंल, भाव थरथरला न्हाई पायजे," असं तो प्रत्येकाला बजावी. ज्याचं त्याचं बदक पडत होतं. पडद्यावर फटाके फुटत, 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स' झळके, बाया हात जोडत. मग 'देवाच्या दप्तरी नोंद' म्हणून गहिनीनाथ नाव, गाव, फोन नंबर टाइप करून घेई.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या साखराबाईसोबत मी गेलते, माझ्या शिवानीला कडेवर घेऊन. साखराबाईच्या मोहिनीचा नर्सिंगला नंबर लागला होता. तेवढ्यात दिंद्रुडचं स्थळ आलं. कौल मिळाला की आजच होकार कळवायचा, असं मायनं ठरवलेलं. लेक दाराशी ओढणीचं टोक चावत उभी.

साखराबाईनं स्थळाचं विचारलं. बदक पडलं. मोहिनीचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, आता उलटं विचारा. गहिनीनाथ म्हणाला, एका घराला एकच कौल. मग मीच खुर्चीवर बसले आणि मोठ्यानं विचारलं, "मोहिनीला नर्सिंगला धाडावं का?"

मी बटण दाबायच्या आत मांडीवरच्या शिवानीनं बिस्किटाचा हात माऊसवर आपटला. नेम एका कोपऱ्यात, बदक दुसऱ्या. तरी बदक धपकन पडलं. पुन्हा फटाके. माझी चिमणी टाळ्या पिटत हसली, तशी सगळी रांग हसली.

मग मी उलगडून सांगितलं. हा खेळ म्हणजे कुठल्यातरी कंपनीची जाहिरात. बक्षिसाच्या आशेनं माणसानं नाव-नंबर द्यावा, म्हणून त्यात कुणी हरतच नाही. आणि प्रत्येक नावामागं गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन.

गहिनीनाथ पडेल आवाजात म्हणाला, "वैनी, का म्हून पोटावर पाय देता?"

"दुकान चालव की," मी म्हटलं. "देव चालवू नकोस."

साखराबाईनं पडद्याकडं बोट केलं. "आमच्या देवाचा कौल कधी डावाबी पडतो," ती म्हणाली. "ज्याला न्हाई म्हनताच येत न्हाई, त्याला काय इचारायचं?" आणि ती लेकीकडं वळली. "तुझं काय म्हननं हाय गं?"

"मला शिकायचंय, माय."

दिंद्रुडला त्याच दिवशी निरोप गेला, पण नकाराचा.

बायांनो, कुठलाही चमत्कार दिसला की त्याला एकदा उलटा प्रश्न विचारून बघा. दोन्हीला एकच उत्तर आलं, तर समजा, तिथं देव नाही, धंदा आहे. आणि लेकीच्या आयुष्याचा कौल लेकीलाच मागा. ती 'नाही' म्हणाली, तर तेही ऐका.