जमिनीवर न घालायचं जॅकेट

सिंगापुरात क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक खोली आहे, बॉम्ब शेल्टर. युद्ध झालं तर आपण तिथे बसायचं. तोवर तिथे बॅगा आणि आकाशकंदील बसतात. परवा तिथे माझ्या सासऱ्यांचं बिनबाह्यांचं चामडी जॅकेट दिसलं, बुरशीनं पांढरं पडलेलं.

"बाबा, हे तर कपाटात होतं ना?"

"चातुर्मास लागला तेव्हा मीच हलवलं," ते म्हणाले. "कपाटाला लागून तुझं देवघर. तिथे चामडं कशाला?"

चातुर्मासात चामड्याला शिवायचं नाही, हा माझा नेम. तो सांभाळायला बाबांनी आपल्या वडिलांची ही आठवण त्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवली होती. आणि दुसऱ्याच दिवशी रुचिरची, माझ्या मुलाची परेड होती. इथल्या सक्तीच्या नॅशनल सर्व्हिसमध्ये त्याला नौदल मिळालं, त्याचं पहिलं प्रशिक्षण संपत होतं. बाबांना जॅकेट तिथे न्यायचं होतं.

ते ओल्या फडक्यानं पुसायला बसले. बोटं नीट वळत नव्हती, बुरशी नुसतीच पसरत होती. हे ऑफिसच्या कामाला जकार्ताला. घरात तिसरं कोणी नाही.

"तू लांबच राहा हो," बाबा म्हणाले. "नेम तो नेम. आमच्या वडिलांचाही होता. महायुद्धात खलाशी होते ना ते. जॅकेट फक्त डेकवर, पहाऱ्याला असताना घालायचं, असा जहाजावर नियम. बाकीचे बंदरात मिरवायचे त्यात. हे नाहीत. नोकरी सुटली, पुण्यात आले, तरी जमिनीवर कधी अंगात घातलं नाही. कुडकुडायचे."

"मग एवढं जपून ठेवून उपयोग काय झाला?"

"आईच्या अंगावर घालायचे की. म्हणायचे, नियम मला आहे, हिला कशाला थंडी?"

मी देवासमोर जरा उभी राहिले. मग कोरडं फडकं घेतलं, पंखा लावला आणि बाबांच्या हातातून जॅकेट काढून घेतलं.

"अगं, तुझा नेम?"

"माझा आहे ना? मग बुरशी तुमच्या जॅकेटला कशाला?"

बाबा हसले. "वकील व्हायची होतीस."

शिवणींतली बुरशी जुन्या टूथब्रशनं काढली, खोबरेल चोळलं. मग पुन्हा अंघोळ केली आणि राहिलेलं स्तोत्र म्हटलं.

परेडला बाबांनी जॅकेट हातावर घेतलं होतं. पांढऱ्या गणवेशातला रुचिर आमच्याकडे आला तो आधी आजोबांची कॉलर सरळ करायला लागला.

"आजोबा, घाला ना. फोटो काढू."

"जमिनीवर नाही."

"सीरियसली? इथे कोण चेक करणार लाह?" त्याच्या मराठीत इथलं सिंगापुरी 'लाह' येतंच.

"तुमच्याकडे कोणी बघत नसलं की टोपी काढता वाटतं?"

रुचिरनं टोपी नीट बसवली. मग म्हणाला, "चला, चांगीला जाऊ."

चांगीच्या जेट्टीवरून पुलाऊ उबिन बेटाला लाकडी बोटी जातात. आम्ही एकीत बसलो. इंजिन घरघरलं, धक्का मागे सरकला.

"सुटली का?" बाबांनी विचारलं.

"सुटली, आजोबा."

त्यांनी बिनबाह्यांचं ते जॅकेट अंगात चढवलं. ऊन मी म्हणत होतं, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ते डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होते, पहाऱ्यावर असल्यासारखे. रुचिर उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला.

बटणं त्यांना लागेनात. चातुर्मास अजून बराच उरला होता. मी पुढे वाकून ती लावून दिली.