गावकीचा टोप नाही मी

माझ्या पाठीवर सहीसाठी एक पांढरी पट्टी आहे. लांबी सहा सेंटिमीटर, रुंदी एक सेंटिमीटरहून थोडी कमी. तिच्यावर निळ्या बॉलपेनने केलेली एक सही आहे आणि तिच्यापुढे साधारण दोन सेंटिमीटर जागा उरली आहे. त्या जागेत दुसरी सही मावत नाही. ती मावावी म्हणून पट्टी बनवलेलीच नाही.

मित्रांनो, मी पाच वर्षं वापरलेलं एक क्रेडिट कार्ड आहे. माझे कोपरे झिजलेत, आकडे पुसट झालेत. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि कुणाकुणावर रागावलो आहे ते क्रमाने सांगणार आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे माझ्यावर एकच नाव उमटवलं गेलं, ते दर्शनचं. तो डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतो. वडील लहानपणीच गेले. आई आवडाबाई बाजारात मासळी विकते आणि धाकटी बहीण भाविका शिकते. दर्शन मानपाड्याच्या एका कारखान्यात कायम झाला, त्याच महिन्यात ठाण्याच्या एका मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या टायवाल्या माणसाने त्याला गाठलं. "सर, लाइफटाइम फ्री आहे, फक्त सही करा," एवढंच तो म्हणाला. व्याजाचा दर त्याने सांगितला नाही आणि दर्शनने विचारला नाही. माझा पहिला राग या दोघांवर.

तरी पहिलं दीड वर्ष चांगलं गेलं. दर्शन माझ्यावर किराणा आणायचा, विजेचं बिल भरायचा आणि बिलाची तारीख यायच्या चार दिवस आधी सगळी रक्कम चुकती करायचा. असं केलं तर व्याज एक पैसाही पडत नाही. शिवाय माणूस उसने पैसे वेळेवर परत करतो याची नोंद होते आणि तिला गुण मिळतात. त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात. तो नऊशेपैकी असतो. दर्शनचा सातशे अठ्ठ्याहत्तर होता. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता कोळीवाड्यातली एक पद्धत सांगतो. तिथे गावकीचे, म्हणजे सगळ्या गावाच्या मालकीचे, स्वयंपाकाचे मोठे टोप आहेत. कुणाकडे हळद असली, बारसं असलं, की ते टोप त्या घरी जातात. काम झालं की घासूनपुसून परत येतात. कुणाच्या हातून पोचा पडला तर तो माणूस न सांगता दुरुस्त करून आणतो. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ही पद्धत चांगली आहे आणि मी तिच्यावर रागावलेलो नाही. पण त्या माणसांनी मलाही टोप समजलं.

पहिल्यांदा मला नेलं दामाजीकाकांनी. ते दर्शनचे सख्खे काका. वडिलांच्या मागे दर्शनची शाळेची फी त्यांनीच भरली होती. त्यांच्या होडीचं इंजिन बसलं आणि सेहेचाळीस हजारांचं काम निघालं. मग त्यांचा मुलगा दिपेश याने अठ्ठावन्न हजारांचा फोन मागवला. दर्शन तेव्हा कामावर होता. दिपेशने त्याला तीनदा फोन केला. "अरे ओटीपी सांग लवकर, ऑफर संपतेय. मी काय पळून चाललोय का?" दर्शनने आकडे सांगितले. त्यानंतर शेजारचा मयूर माझ्यावर बत्तीस हजारांचा एसी घेऊन आला. माझा पिन गल्लीतल्या आठ जणांना पाठ होता. एकूण एक लाख छत्तीस हजार, आणि माझी मर्यादा दीड लाखाची.

परतफेडीचं काय झालं ते ऐका. मयूरने सणासुदीला थोडे थोडे करून आपले बत्तीस हजार दोन वर्षांत दिले आणि वर ऐकवलं, "एसीची किंमत होती तेवढी दिली. व्याज बँकेने लावलं, मी लावलंय का?" दिपेशने चार हप्ते दिले, मग त्याची नोकरी सुटली. दामाजीकाकांनी रोख काहीच दिलं नाही, पण दर आठवड्याला चिंबोऱ्या पाठवल्या, मोठे, भरलेले, पाय बांधलेले खेकडे. त्यांच्या मनाने ते कर्ज फेडत होते. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. पण बँक चिंबोऱ्या जमा करून घेत नाही.

दर्शनने काय करावं? सगळ्यांकडे जाऊन मागावं, आणि तोवर नवी खरेदी थांबवावी. त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने बिलावरचा एक छोटा आकडा शोधून काढला. त्याच्यासमोर लिहिलेलं असतं, किमान देय रक्कम. माझा सगळ्यात मोठा राग त्या आकड्यावर आहे. तो दिसायला दयाळू असतो. आपण हिशेब करू. बाकी एक लाख छत्तीस हजार. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे सहा हजार आठशे. दर्शनने ती भरली आणि त्याला वाटलं, या महिन्याचं निभावलं. पण व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे चार हजार सातशे साठ. त्या व्याजावर अठरा टक्के कर, आठशे सत्तावन्न. उरले अकराशे त्र्याऐंशी. सहा हजार आठशे देऊन कर्ज उतरलं ते एवढंच. आणि जुनी बाकी असताना घेतलेल्या नव्या वस्तूवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. घरचा किराणा तो माझ्यावरच आणत राहिला. दर महिन्याला कर्ज थोडं उतरायचं आणि थोडं जास्त चढायचं.

मग तो इतरांच्या पैशांची वाट पाहू लागला. दिपेश पंधरा तारखेला देतो म्हणाला म्हणून एकदा बिल एकोणीस दिवस उशिरा भरलं, दुसऱ्यांदा चौतीस दिवस. उशीर दिपेशचा, नोंद दर्शनच्या नावावर. मी ओरडू शकत नाही. पाकिटात पडल्या पडल्या मी सगळं पाहिलं. बाकी एक लाख चव्वेचाळीस हजार झाली आणि स्कोअर सहाशे बावन्नवर आला. आवडाबाईंना त्याने काही सांगितलं नाही. एकदा काकांकडे मागावं का, असं त्याने आडून विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की काकाने तुला कडेवर वाढवलाय, त्याला तोंड वर करून बोलू नको.

या वर्षी भाविकाला ठाण्याच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला. फीचा पहिला हप्ता आवडाबाईंच्या बांगड्या मोडून भरला गेला. दुसरा जानेवारीत भरायचा होता, आणि त्यासाठी शैक्षणिक कर्ज लागणार होतं. अशा कर्जात घरचा एक कमावता माणूस बरोबरीने सही करतो. दर्शनने केली. आठ दिवसांनी बँकेतून फोन आला की सहकर्जदाराचा स्कोअर कमी आहे, अर्ज थांबवला आहे.

भाविका रडली नाही. तिने ताटावरून हात मागे घेतला आणि म्हणाली, "सीईटी मी दिली दादा, आणि नापास झाले तुझ्या मार्कांनी."

त्या दिवशी आवडाबाईंना सगळं कळलं. काकांचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दर्शन बँकेत गेला. तिथल्या बाईंनी मला त्याच्याकडून मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. कार्ड किती जण वापरतात, असं त्यांनी विचारलं. दर्शन बोटांवर नावं मोजू लागला. बाईंनी पेन्सिलने एका कागदावर लिहून दिलं. माझ्यावरची बाकी मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत आणा, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या खाली. उरलेल्या रकमेचे कमी व्याजाचे हप्ते बांधून घ्या. यापुढे एकही तारीख चुकवू नका. कार्ड रागाने बंद करू नका, कारण जुनं खातं नीट चाललं तर त्याचा फायदाच होतो. दोन महिने हे पाळलंत तर जानेवारीच्या आधी अर्ज पुन्हा पाहता येईल. मात्र तोवर बाकी पुन्हा चढली तर बँकेच्या हातात काही नाही, असंही त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दिपेशने वेगळाच सल्ला दिला. "येडा आहेस का? तीन महिने भरूच नको. बँकच हात जोडत येते. माझा दोस्त सेटलमेंटमध्ये अर्ध्यात सुटला." तो दोस्त अर्ध्यात सुटला हे खरं असेल. पण त्याच्या नावापुढे 'तडजोड केलेलं खातं' अशी नोंद झाली आणि ती कित्येक वर्षं तिथेच राहणार, हे दिपेशने सांगितलं नाही. त्याला माहीतच नव्हतं. न कळणाऱ्या गोष्टीवर इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो.

या वेळी दर्शनने त्याचं ऐकलं नाही. कारखान्याच्या पतपेढीतून त्याने अकरा टक्क्यांनी एक लाख दहा हजार काढले आणि माझ्यावर भरले. उरलेल्या चौतीस हजारांचे बारा हप्ते बांधले. हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जाईल अशी सोय केली. पिन बदलला. कित्येक महिन्यांनी मला हलकं वाटलं.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात माझ्यासारखं एखादं कार्ड येईल. ते वाईट नसतं. त्याला रोज पुसू नका, जपून डबीत ठेवू नका, त्याची काही गरज नाही. फक्त महिन्याकाठी सगळं फेडता येईल एवढंच त्याच्यावर घ्या, आणि फेडता आलं नाही तर लाजून लपवू नका, त्याच दिवशी घरात सांगा. मायेच्या माणसाला मदत करायची असेल तर आपल्या खिशातले पैसे द्या. आपलं नाव देऊ नका. नाव परत येतं तेव्हा घासूनपुसून येत नाही.

हे दर्शनला कळलं होतं, पण त्याने ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पिन बदलल्याचंही नाही. म्हणून गेल्या रविवारी सकाळी दामाजीकाका आले ते हसतच. दिपेशचं लग्न ठरलं होतं. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पोराने बँकेचे पैसे भरले. आवडाबाई ओट्यावर मासे साफ करत होत्या. भाविका पुस्तक घेऊन दारात बसली होती.

"कार्ड मोकला झाला ना तुझा," काका म्हणाले. "हलदीला मंडपवाला नि डीजेवाला, दोघांचा मिलून साठ हजार इसार द्याचा हाय. आहेर आला का लगेच भरून टाकू."

चौतीस आणि साठ, चौऱ्याण्णव हजार. पंचेचाळीसच्या दुपटीहून जास्त. भाविकाने पुस्तक मिटलं. तिने तो हिशेब माझ्याइतक्याच वेगाने केला असावा.

दर्शन म्हणाला की काका, थोडं थांब. हे असं तो गेली तीन वर्षं म्हणत आला होता, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी मी कुणाच्या तरी हातात गेलो होतो.

"थांबाचा कशाला?" काकांचा आवाज खाली आला. "तुझा बापूस असता तर त्यानं इचारला पन नसता."

आवडाबाईंचा कोयता थांबला. त्यांनी दिराकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि या खेपेला त्यांनी मुलाला गप्प बसायची खूण केली नाही. दर्शनचा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला होता. माझ्यावर त्याची बोटं आवळली. मग त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"काका, कार्ड नाय देणार," तो म्हणाला. "आता नाय, नंतर पण नाय. हळदीला मी राबेन, पाहिजे तेवढा. पण आधीचे सगळे पैसे व्याजासकट परत पायजेत. सुरुवात तुझ्या इंजिनापासून."